दर आठ दिवसांनी

"मोजलं कवा तुम्ही?" अनुसयाताईंनी विचारलं.

"तीन वेळा मोजलंय," मी हातातला कागद त्यांच्यापुढे धरत म्हणाले. "चौदा तारखेला, बावीसला आणि तीसला. तिन्ही वेळा या रोहित्रावरचा भार एकेचाळीस टक्क्यांच्या वर गेलेला नाही."

अंगणवाडीच्या ओट्यावर सात-आठ बायका जमल्या होत्या. त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या गयामावशींनी कानामागे हात नेला. "कशावरचा म्हणाली ही?"

"डीपीवरचा, मावशी. मॅडम डीपीला रोहित्र म्हणतात," शेजारची एक जण म्हणाली.

"आन एकेचाळीस टक्के म्हणजे?"

"म्हणजे शंभर पानांच्या पंगतीला एकेचाळीसच जेवणारे आले," अनुसयाताई म्हणाल्या. "म्हणून शंभराचं पातेलं उचलून नेतो आन त्याच्या जागी त्रेसष्टचं ठेवतो, असं म्हणायल्यात मॅडम."

उपमा मला आवडली. पुढच्या प्रशिक्षणवर्गात ती वापरावी असं माझ्या मनात येऊन गेलं.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. खडकसेलूच्या उपविभागात मी सहायक अभियंता म्हणून नव्यानं रुजू झाले होते. एम.टेक.ला माझा विषय होता ग्राहकांच्या बदलत्या मागणीनुसार वितरणजाळ्याचं नियोजन, आणि कार्यालयात असा विषय शिकून आलेली मी एकटीच असल्यामुळे शहराचा पाच वर्षांचा आराखडा माझ्याकडे आला होता. कोणत्या वस्तीत विजेची मागणी किती आहे, ती दर वर्षी किती वाढेल, त्याप्रमाणे कुठलं रोहित्र मोठं करायचं आणि कुठलं लहान. मी तो मन लावून केला. त्यात रंगीत आलेख होते, आणि एका पानावर तर आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी स्वतःहून "सुंदर" असा शेरा मारला होता. लोहारटेकडीचं रोहित्र शंभर केव्हीए क्षमतेचं होतं, त्याची अर्ध्याहून अधिक ताकद वाया जात होती, म्हणून तिथं त्रेसष्टचं बसवावं, अशी शिफारस त्या सुंदर पानावर होती. "बाधित ग्राहकांना विश्वासात घेतले काय?" असा एक रकाना शेवटी उरला होता. तो भरायला मी टेकडीवर आले होते.

"चौदा तारखेला वार कुठला होता, मॅडम?" अनुसयाताईंनी विचारलं. त्या टेकडीवरच्या अंगणवाडीच्या सेविका. चाळिशीच्या, चष्मा नाकावर खाली ओढून चष्म्यावरून बघायची सवय. असं बघितलं की समोरच्याला आपलं वजन केलं जातंय असं वाटे.

"मंगळवार."

"आन बावीसला?"

"बुधवार. तीसला गुरुवार."

ओट्यावर आधी एक बाई हसली, मग सगळ्याच हसल्या. कुचेष्टेचं हसू नव्हतं ते. लग्नघरी चुकीच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्याला हसतात, तसं.

"आमचं पाणी सोमवारी येतंय," अनुसयाताई म्हणाल्या.

"पण नगरपरिषदेनं मला लेखी दिलंय," मी पत्र काढलं. "लोहारटेकडी भागास दर आठ दिवसांनी पाणीपुरवठा केला जातो. सहा तारखेला पाणी आलं होतं. म्हणून मी मुद्दाम पाण्याचे दिवस धरून मोजणी लावली. सहा आणि आठ, चौदा. चौदा आणि आठ..."

"बरोबरच दिलंय की त्यांनी. सोमवार ते सोमवार आठच दिवस होतात."

मी बोटांवर मोजलं. सोमवार, मंगळवार, बुधवार... शेवटचा सोमवार धरला तर आठ. माझी आजी सुद्धा "आठ दिवसांनी ये" म्हणायची आणि बरोबर त्याच वारी दाराशी वाट बघत बसायची. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते घरी ठाऊक होतं. कचेरीत शिक्क्याचं पत्र हाती आलं की माझं मराठी थांबायचं आणि गणित सुरू व्हायचं.

"आता ही मॅडम आठ दिवसांनी येते म्हणाली," गयामावशी शेजारणीला म्हणाल्या, "तर कवा येईल गं ही?"

त्या दिवशी अनुसयाताईंनी मला टेकडी दाखवली. एकशेबावन्न घरं. पाण्याची टाकी खाली बाजारपेठेत, त्यामुळे सोमवारी दहाला पाणी सुटलं तरी ते नळातून आपलं आपण वर चढत नसे. प्रत्येक घरानं नळाला मोटर लावली होती. एकानं अर्ध्या एचपीची लावली, म्हणून शेजाऱ्यानं एकची लावली, म्हणून पलीकडच्यानंही. दहा ते अकरा एवढाच वेळ. त्या तासात एकशेबावन्न मोटरी एकदम सुरू होत, आणि तीन-चार सोमवारांतून एकदा डीपी बसे, म्हणजे बंद पडे. डीपी बसली की मोटरी बंद, मोटरी बंद की पाणी उतारानं खालच्या गल्लीत. मग पुढचं पाणी पुढच्या सोमवारी.

"डीपी गेली म्हणजे लाइट गेली असं तुम्ही समजता," अनुसयाताई म्हणाल्या. "लाइटचं काय, चिमणी लावता येते. पाणी गेलं, मॅडम. आठ दिवसांचं."

"तुमचे का माझे आठ?" मी विचारलं.

त्या पहिल्यांदा मनापासून हसल्या. मग चष्मा वर सारून म्हणाल्या, "दोनशेची डीपी पायजे इथं. त्रेसष्टची आली तर आमचा नळ म्हणजे भिंतीला लावलेली शोभा."

* * *

कार्यकारी अभियंता बिडकर साहेब स्वभावानं वाईट नव्हते. ते फक्त मंजूर झालेल्या कागदावर मनापासून प्रेम करायचे.

"आष्टेकर, तुमचा आराखडा मंडळानं मान्य केला," मी खुर्चीत बसायच्या आतच ते म्हणाले. "अधीक्षक साहेबांनी पान सत्तावीस फिरवून सगळ्यांना दाखवलं."

पान सत्तावीस म्हणजे लोहारटेकडी.

"साहेब, त्या पानावर चूक आहे. वार चुकलाय."

"वार?" त्यांनी आराखडा उघडला, पान शोधलं आणि माझ्याकडे वळवलं. "यात वाराचा रकाना कुठाय?"

"नाही, रकाना नाही..."

"रकानाच नाही तर वार चुकेल कसा?"

मी त्यांना मोटरींबद्दल सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मधेच त्यांनी चहा मागवला, माझ्यासाठीही.

"नळाला मोटर लावायला नगरपरिषदेची बंदी आहे," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे टेकडीवर एकही मोटर नाही. नसलेल्या मोटरींसाठी मी असलेलं रोहित्र देऊ? उद्या लेखापरीक्षणात विचारलं तर काय सांगू, एकशेबावन्न गुन्हे गृहीत धरले म्हणून?"

"पण त्या आहेत, साहेब. मी बघितल्यात."

"तुम्ही बघितल्यात हो. चाचणी पथकानं बघितल्यात का?"

इथं मात्र त्यांनी मला वाट दाखवली, हे मान्य केलं पाहिजे. चाचणी पथकानं पुन्हा मोजणी करून भार ऐंशी टक्क्यांच्या वर दाखवला, तर मंजूर आराखड्यातही दुरुस्ती होऊ शकत होती. फक्त पथकाची गाडी तीन उपविभागांत मिळून एकच होती आणि आमच्या वाट्याला ती गुरुवारी यायची.

"सोमवारी नाही का येणार?"

"गाडीचे वार ठरलेले आहेत, आष्टेकर. वाराच्या बाबतीत आता तुम्ही तरी काटेकोर असायला हवं."

एका तासाच्या भारासाठी गाडीचा वार बदलेना. मग नळाचा वार बदलतो का, हे बघायला मी नगरपरिषदेत गेले. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यानं सांगितलं की पाण्याचे वार सर्वसाधारण सभेच्या ठरावानं ठरलेले आहेत आणि पुढची सभा कोरम झाला तर दोन महिन्यांनी आहे. मी जिना उतरत असताना शिपायानं मागून सांगितलं, "मॅडम, ठराव कशाला बघता? भानुदासमामाला भेटा. चावी त्याच्याकडंय."

भानुदास काळदाते मला बाजारपेठेच्या चौकात सापडले. म्हणजे त्यांचं डोकं सापडलं. बाकीचे ते व्हॉल्व्हच्या खड्ड्यात होते. छातीइतक्या उंचीची, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी फिरवत ते वर न बघता म्हणाले, "बोला."

मी सगळं सांगितलं. चावी फिरत राहिली.

"वार सभा ठरवते," ते म्हणाले. "सभा काय खड्ड्यात उतरत नाही."

"म्हणजे तुम्ही देऊ शकता एक गुरुवार?"

"गुरुवार बाजारपेठेचा. त्यांना टेकडीचा सोमवार द्यायचा आन टेकडीला त्यांचा गुरुवार. चावीला काय, ती डावीकडं बी फिरती आन उजवीकडं बी." ते खड्ड्यातून वर आले, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. "पण टेकडीवाल्यांना इचारलं का? सोमवारचं पाणी गुरुवारवर गेलं म्हणजे तीन दिवस जास्त कोरडे. ते कुणी काढायचे? तुमच्या मीटरनं?"

टेकडीला अनुसयाताईंनी विचारलं. मी तिथं होते. गयामावशी म्हणाल्या, "तीन दिवसानं काय मरत नाही कुणी. डीपी मोठी होणार असंल तर व्हवू द्या." खालच्या घरातल्या एका बाळंतिणीच्या सासूनं मात्र विचारलं, "आन नाही झाली तर?" सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

"मोजणी झाली की आकडा खोटं बोलणार नाही," मी म्हणाले. त्या काळात मी अशी वाक्यं बोलत असे.

* * *

गुरुवारी सकाळी पावणेदहाला चाचणी पथकाची गाडी टेकडीवर आली. पथकाचे उपअभियंता निटुरे साहेब खाली उतरले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक काळं आणि एक निळं. त्यांच्याबरोबर एक तंत्रज्ञ होता. त्यानं तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा मीटर काढला, हातमोजे चढवले आणि डीपीची पेटी उघडली. आत फ्यूजच्या जागी बोटाएवढी जाड तार गुंडाळलेली होती.

"हे कुणी केलं?" निटुरे साहेबांनी विचारलं.

"बारीक तार राहत नाही, साहेब," गर्दीतून कुणी तरी म्हणालं.

"फ्यूज न राहण्यासाठीच असतो," निटुरे साहेब म्हणाले आणि ते वाक्य त्यांनी शेऱ्यात लिहिलं. मग त्यांनी मला पद्धत समजावून सांगितली. वाचनं तीन घ्यायची, दर पंधरा मिनिटांनी एक. तिन्हींची सरासरी म्हणजे त्या रोहित्राचा भार. एखादं वाचन चुकून जास्त किंवा कमी आलं तर अन्याय होऊ नये, म्हणून सरासरी.

दहाला भानुदासमामांनी खाली चावी फिरवली. टेकडीवर आधी नळांची सूं सूं ऐकू आली, मग पहिली मोटर, मग दुसरी, आणि मिनिटभरात सगळी टेकडी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घोंघावू लागली. दहा दिवसांची तहान होती ती. बायका हंडे सरकवत होत्या, कुणी पिंप भरत होतं, कुणी झोळीत निजवलेल्या बाळाला पायानं झोका देत नळी धरून उभं होतं.

तंत्रज्ञानं चिमटा तारेला लावला. "दोनशेबारा, साहेब."

शंभरच्या रोहित्राची मर्यादा एकशेतेहतीस अँपिअरची. मी मनातल्या मनात भागाकार केला. एकशेएकोणसाठ टक्के. मी अनुसयाताईंकडे बघितलं, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे. निटुरे साहेबांनी काळ्या पेनानं लिहिलं, "वाचन १: २१२," आणि घड्याळ बघितलं.

"साहेब, तार लाल झालीय," तंत्रज्ञ म्हणाला.

"दुसरं वाचन सव्वादहाला."

"तोवर राहायची नाही ही."

"सव्वादहाच्या आधी घेतलं तर ते वाचन धरता येत नाही."

दहा वाजून अकरा मिनिटांनी रोहित्रातून आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग आतून ठोका, मग खालून तेलाची धार. घोंघावणं एका क्षणात थांबलं. ती शांतता मी नंतर अनेकदा ऐकली आहे, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. एकशेबावन्न घरांतल्या बायका हातातल्या नळीकडे बघत होत्या. नळीतून पाणी आधी करंगळीएवढं झालं, मग थेंब, मग नळानं उलट हवा ओढली.

सव्वादहाला निटुरे साहेबांनी तंत्रज्ञाला खूण केली. त्यानं चिमटा पुन्हा तारेला लावला.

"शून्य."

"वाचन २: ०," निटुरे साहेबांनी लिहिलं.

"साहेब," मी म्हणाले, "रोहित्र जळलंय."

"दिसतंय मला."

"मग शून्य कसं लिहिता?"

"बंद रोहित्रावर भार शून्यच असतो, मॅडम. तुम्ही एम.टेक. आहात ना?"

साडेदहाला त्यांनी तिसरं वाचन घेतलं. तेही शून्य आलं. मग त्यांनी खिशातून गणकयंत्र काढलं. दोनशेबारा अधिक शून्य अधिक शून्य, भागिले तीन. सत्तर पूर्णांक सदुसष्ट अँपिअर. त्रेपन्न टक्के.

"ऐंशीच्या आत आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात माझ्याविषयी थोडी सहानुभूतीसुद्धा होती. "म्हणजे तुमचा आराखडा बरोबर होता. इथं सही करा."

"मी सही करणार नाही."

"नका करू." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पण जळलेलं रोहित्र बदलायला हा अहवाल लागतो. संयुक्त सहीचा. तुमची सही आज झाली तर शनिवारी नवं बसेल. नाही झाली तर मी असहमतीचा शेरा लिहितो, ते मंडळात जाईल, मंडळ समिती नेमेल. गेल्या खेपेला एका गावात समितीला दोन महिने लागले होते."

"नवं म्हणजे कितीचं?"

"मंजूर आराखड्यात असेल तितकं."

मंजूर आराखड्यात काय आहे हे त्या गर्दीत माझ्याइतकं कुणालाच नक्की माहीत नव्हतं. मी अनुसयाताईंकडे गेले. सही केली तर काय, नाही केली तर काय, ते सांगितलं.

"शनिवारी बसली तर सोमवारचं पाणी मिळंल?" त्यांनी विचारलं.

"भानुदासमामा वार परत फिरवतील. पण त्रेसष्टची आहे, ताई. ती पहिल्या पाच मिनिटांत जाईल."

"ते आम्ही बघू. तुम्ही सही करा."

"ही चूक आहे."

"तुमची चूक सहीनं झाली का, मॅडम? ती मागंच झाली. आता पाण्याचं बघा."

मी सही केली. निटुरे साहेबांनी निळं पेन पुढे केलं होतं. सहीसाठी निळं असतं.

भानुदासमामांना ठरावाविरुद्ध वार बदलल्याबद्दल नोटीस आली. ती वाचून दाखवायला ते माझ्याच टेबलाशी आले. "परवानगीविना पाणी सोडल्याबद्दल, असं लिव्हलंय," ते म्हणाले. "तीस वर्षांत पाणी न सोडल्याबद्दल कंदी आली नाही." त्यांची बदली जन्ममृत्यूच्या नोंदणीवर झाली. चावी दुसऱ्या माणसाकडे गेली आणि टेकडीचा सोमवार टेकडीकडे परत आला.

* * *

त्रेसष्टचं रोहित्र बसलं. पहिला सोमवार आला. मी दहा वाजल्यापासून टेलिफोनजवळ बसले होते. तक्रार आली नाही. दुसऱ्या सोमवारीही आली नाही. महिना गेला, उन्हाळा गेला.

"पुरतंय की हो त्रेसष्ट," बिडकर साहेब म्हणाले. "उगाच तुम्ही स्वतःवर अविश्वास दाखवत होता."

टेकडीवर जाऊन बघणं मला अवघड नव्हतं. सायकलनं दहा मिनिटांचा रस्ता. मी गेले नाही. आधी लाज वाटली म्हणून, आणि नंतर, हेही सांगितलं पाहिजे, बरं वाटायला लागलं म्हणून. कदाचित ती दोनशेबाराची गोष्ट त्या एका गुरुवारची असेल. दहा दिवसांची तहान होती, नेहमी तसं होत नसेल. माझा आलेख मुळात बरोबरच असेल. माणूस स्वतःच्या आलेखावर विश्वास ठेवायला कारण शोधतच असतो. मला दर सोमवारी एक कारण मिळत होतं.

तीन वर्षांनी मंडळानं सगळ्या उपविभागांच्या आराखड्यांचा आढावा घेतला. अंदाज केलेली मागणी आणि प्रत्यक्ष मागणी यांत बहुतेक ठिकाणी वीस-तीस टक्क्यांचा फरक होता. लोहारटेकडीच्या नावापुढे फरक होता दोन टक्के. सभागृहात टाळ्या झाल्या. अधीक्षक अभियंत्यांनी मला व्यासपीठावर बोलावून प्रशस्तिपत्र दिलं आणि विचारलं, "एवढा अचूक अंदाज कसा साधला?"

"ग्राहकांचं सहकार्य," मी म्हणाले. का म्हणाले, मला माहीत नव्हतं. ते वाक्य त्या जागी शोभत होतं.

या यशाची एक सचित्र कथा मंडळाच्या वार्षिक पुस्तिकेत छापायचं ठरलं. त्यासाठी फोटो हवे होते, आणि "समाधानी ग्राहक" म्हणून एक-दोन प्रतिक्रिया. या वेळी मी वार नीट बघितला. सोमवारी पावणेदहाला मी टेकडी चढले.

अंगणवाडीत मुलं पाट्यांवर रेघोट्या काढत बसली होती. वर पंखा फिरत होता. अनुसयाताईंचे केस कडेनं पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं, बसायला चटई दिली, आणि मी काय मागायला आले आहे ते पूर्ण ऐकून घेतलं. मग कपाटातून एक वही काढली. अंगणवाडीचीच वही, उलट बाजूनं वापरलेली.

"पाच तुकड्या केल्यात," त्या म्हणाल्या. "एका तुकडीत तीस-एकतीस घरं. एकेकीला बारा मिनिटं. गयामावशी टोला देतात. त्यांना ऐकू कमी येतंय, म्हणून टोला लई जोरात पडतो, सगळ्या टेकडीला ऐकू जातो. टोला पडला की पहिल्या तुकडीनं मोटर बंद करायची, मग दुसरीनं लावायची. पाणी सुरू असंपर्यंत मोटर सोडून कुणी काय लावायचं नाही. टीव्ही नाही, फ्रिज नाही, गिरणी नाही."

"आणि बारा मिनिटांत पुरतं पाणी?"

"पुरवतो. पूर्वी सात हंडे व्हायचे, आता पाच होतात." त्यांनी पान उलटलं. "आन नवीन काय घ्यायचं नाही, असं ठरवलंय. खालच्या घरातल्या पोराच्या लग्नात कूलर आला होता. परत पाठवला. डीपीला सोसत नाही म्हणून."

मी वही हातात घेतली. तीन वर्षांचे सोमवार होते. प्रत्येक सोमवारी कोणत्या तुकडीत कुणी नियम मोडला, त्याची नावंसुद्धा. माझ्या आराखड्यात एवढी बारीक नोंद कुठेच नव्हती.

"तुम्ही मला कळवायचं होतं," मी म्हणाले.

"काय कळवायचं? तुम्ही म्हणाला होता त्रेसष्ट. आम्ही त्रेसष्टात बसलो."

"पण मग कागदावर मागणी वाढलेलीच दिसत नाही, ताई. मागणी वाढली नाही म्हणून पुढच्या पाच वर्षांसाठीही इथं त्रेसष्टच धरलंय." प्रशस्तिपत्राचं मी आधी बोलून बसले होते. ते आता परत घेता येत नव्हतं. "एखाद्या सोमवारी सगळ्यांनी एकदम मोटरी लावल्या, आणि ते मोजलं..."

"एकदा दाखवलं ना तुम्हाला मोजून."

त्यांच्या मागे भिंतीवर मुलांच्या वाढीचे तक्ते टांगलेले होते. प्रत्येक मुलाचा एक, दर महिन्याच्या वजनाची एक टिकली, खाली लाल पट्टा, मधे पिवळा, वर हिरवा. अनुसयाताईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"माझ्याकडं एखादं लेकरू तीन महिने त्याच वजनाचं राहिलं तर वरून विचारणा होते," त्या सावकाश म्हणाल्या. "काय खायला मिळालं, किती मिळालं, घरी जाऊन बघा. तुमच्याकडं एकशेबावन्न घरं तीन वर्षं त्याच वजनाची राहिली, तर तुम्हाला शाबासकी मिळती?"

खाली नळांची सूं सूं सुरू झाली. मी काही बोलायच्या आत गयामावशींचा टोला पडला, लोखंडावर लोखंड. पहिल्या तुकडीच्या मोटरी घोंघावल्या. अनुसयाताईंनी बसल्या जागेवरून हात वर नेला आणि पंख्याचं बटण बंद केलं.

खोलीत एकवीस मुलं होती. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. पंख्याची पाती थांबायच्या आत ती आपापल्या पाट्या उचलून उठली आणि दाराबाहेर भिंतीच्या सावलीचा जो हातभर पट्टा होता त्यात, एकमेकांना चिकटून, पाय पोटाशी घेऊन बसली. शेवटच्या दोघांना सावली पुरली नाही. त्यांनी पाट्या डोक्यावर धरल्या.

मी पिशवीतून मीटर काढला, डीपीपाशी गेले आणि चिमटा तारेला लावला. एकसष्ट अँपिअर. माझ्या आराखड्यात त्या वर्षासाठी मी साठ लिहिले होते.